मुलांचा दमा : तज्ज्ञांना केव्हा दाखवावे?



या पानावर आम्ही एरवी बेणे, खत, पाणी यांविषयी लिहितो. आज लेकरांच्या श्वासाविषयी लिहीत आहोत.

मागील हंगामात तोडीच्या कामासाठी आम्ही अंबड तालुक्यातील एका सभासदाच्या वस्तीवर गेलो होतो. शेजारच्या फडातले पाचट आदल्या संध्याकाळी पेटविलेले. आठ वर्षांचा मुलगा ओट्यावर बसून धापा टाकत होता. "थंडीत होतंच त्याला. एक सुई दिली की बसतंय. तोड उरकली की बघू," वडील म्हणाले. मुलाला एक वाक्य सलग बोलता येत नव्हते. आम्ही त्याला आमच्याच जीपमधून दवाखान्यात नेले. मुलगा वाचला. तीन वर्षे सुया चालू होत्या, पण हा दमा आहे हे कोणी तपासून सांगितलेच नव्हते.

दम्यात श्वासनलिका आतून सुजतात व आवळतात. धूर, धूळ, सर्दी, थंड हवा, परागकण यांनी त्रास उठतो. १९५५ साली पुण्यात प्रथम आढळलेले गाजरगवत आज आपल्या बांधाबांधावर आहे. त्याच्या परागकणांचीही ॲलर्जी होते. औषधाने धाप तात्पुरती बसली तरी आतली सूज राहू शकते.

पुढील लक्षणे असल्यास बालरोगतज्ज्ञांना दाखवावे :

१) रात्री किंवा पहाटे खोकला, छातीत शिट्टीसारखा आवाज वारंवार येणे.
२) खेळताना, पळताना दम लागणे.
३) धाप लागून दवाखान्यात भरती करावे लागणे.
४) औषध चालू असूनही त्रास पुन्हा पुन्हा होणे.

गरजेप्रमाणे ते श्वसनविकार किंवा ॲलर्जी तज्ज्ञांकडे पाठवतात. छत्रपती संभाजीनगरच्या घाटी रुग्णालयात बालरोग विभाग आहे. शाळा-अंगणवाडीत येणाऱ्या तपासणी पथकालाही मूल जरूर दाखवावे. २०१३ साली पालघरहून सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या यादीत हा आजार आहे.

माती परीक्षणाशिवाय खत टाकू नका असे आम्ही सांगतो, तसेच हे आहे. साधारण सहा वर्षांपुढील मुलाला यंत्रात फुंकायला लावून फुफ्फुसाची ताकद मोजतात. ॲलर्जीसाठी कातडीवर थेंब टाकून हलकेच टोचतात व पंधरा-वीस मिनिटांनी गांध उठते का ते पाहतात. जाताना जुन्या चिठ्ठ्या न्याव्यात. त्रास केव्हा, कुठे, कशाने उठला याची पंधरा दिवसांची नोंद वहीत करून न्यावी.

"पंपाची सवय लागते" ही समजूत चुकीची आहे. साल्बुटामॉलच्या लहान गोळीत २ मिलिग्रॅम औषध असते. पंपाच्या एका दाबात १०० मायक्रोग्रॅम, म्हणजे विसावा भाग. पाटपाणी आणि ठिबक यांतला फरक आपल्याला सांगायला नको. लहान मुलांना पंपापुढे स्पेसर हे नळकांडे लावून औषध द्यावे. सूज कमी ठेवणारे रोजचे औषध, बरे वाटले म्हणून मनाने बंद करू नये. मृगाला हैदराबादला जाऊन मासा गिळल्याने दमा जातो, यास शास्त्रीय पुरावा नाही.

बोलता न येणे, बरगड्या आत ओढल्या जाणे, ओठ निळसर पडणे, पंप देऊनही आराम न पडणे ही धोक्याची लक्षणे आहेत. अशा वेळी १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. सकाळची वाट पाहू नये.

पाचट जाळू नका, सरीत कुजवा, हे आम्ही जमिनीसाठी सांगत आलो. आता शेजारच्या लेकरासाठीही सांगतो. आणि दवाखान्याचा दिवस व तोड एकाच दिवशी आली, तर गट कार्यालयात येऊन सांगा. तोडीची तारीख मागे-पुढे करण्याचा आम्ही प्रयत्न करू. त्या मुलाच्या वडिलांनी तेवढेच सांगायला हवे होते, आणि आम्हीही ते आधी विचारायला हवे होते.

— ऊस विकास अधिकारी