सूर्यतापानें स्नानाचें पाणी

शहापूर व मुरबाड तालुक्यांत भाताचा राब भाजण्यास शेण व पाला खर्ची पडतो. राहिलेल्या गोवऱ्या न्हाणीच्या चुलींत जातात. मग शेतास खत कोठून मिळणार? यास्तव सूर्यतापानें पाणी तापविण्याची रीति आम्ही येथें देतों.

तांब्याच्या काळ्या पत्र्यास नळ्या जोडून त्या पेटींत बसवितात व वर कांच लावितात. उन्हानें नळ्यांतील पाणी तापून हलकें होतें व वरच्या टाकींत चढतें. थंड पाणी खालीं उतरून त्याची जागा घेतें. यास पंप लागत नाहीं. मात्र टाकी पेटीपेक्षां उंच हवी. तीस उष्णता न जाऊं देणारें जाड वेष्टन असलें म्हणजे दुसऱ्या पहांटेपर्यंत पाणी ऊन राहतें. पेटीचें तोंड दक्षिणेस व उतार सुमारें ३० अंश असावा. थंडींतील तिरपें ऊन तिजवर नीट पडतें.

१०० लिटर पाणी २० अंशांवरून ६० अंशांवर नेण्यास ४,००० किलोकॅलरी लागतात. सुमारें १ किलो सुक्या लाकडांत इतकी उष्णता असते. पण उघड्या चुलींत तिचा दशांशच भांड्यास पोंचतो, म्हणून १० किलो जळतें. तेंच काम २ चौरस मीटरची पेटी स्वच्छ उन्हांत करिते.

विंधनविहिरीचें पाणी क्षारयुक्त असल्यास नळ्या वेळोवेळीं साफ कराव्या. पावसाळ्यांत आभाळ झांकलेलें असतां चूल लागणारच. ती मोडूं नये. परंतु उरलेल्या आठ महिन्यांत वांचलेलें शेण खताच्या खड्ड्यांत पडेल, हा लाभ शेतकऱ्यानें आधीं हिशेबांत धरावा.