अपघातानंतरचे हक्क : आधी कागद, मग तडजोड



फेब्रुवारी 2021 मधला किनगावचा अपघात आपल्या भागात कोणी विसरलेलं नाही. धुळ्याकडून पपई भरून रावेरकडे निघालेला ट्रक यावल तालुक्यात किनगावजवळ रात्री उलटला आणि 15 मजूर दगावले. अशा वेळी घरातले लोक दवाखान्यात धावतात, कागदाकडे कुणाचं लक्ष नसतं. पुढे भरपाई अडते ती इथेच. म्हणून हा पाठ.

1) जबाब : जखमी मजूर कोणाच्या कामावर होता, गाडीत का बसला होता, हे पोलिसांच्या जबाबात स्पष्ट यायला हवं. मालगाडीत सहज बसलेल्या प्रवाशाची भरपाई विमा कंपनी बहुधा नाकारते. कामावरच्या हमालाची बाजू वेगळी असते. जबाब वाचून घ्या, मगच सही करा.

2) कागद : एफआयआर, पंचनामा, गाडीच्या विम्याची प्रत, डिस्चार्ज कार्ड, औषधांची प्रत्येक पावती. एका पिशवीत, तारखेनुसार.

3) मुदत : 1 एप्रिल 2022 पासून मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात अर्ज करायला अपघातापासून 6 महिने आहेत. या मुदतीला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिलेलं आहे, पण त्या भरवशावर बसू नका.

4) ठिकाण : अपघात धुळ्यात झाला आणि घर रावेरला असलं, तरी धुळ्याच्या चकरा मारायची गरज नाही. आपण राहतो तिथल्या, म्हणजे जळगावच्या न्यायाधिकरणातही दावा चालतो.

5) गाडी ठोकून पळाली तर? तरीही हक्क आहे. गंभीर जखमीला 50 हजार, मृत्यू झाल्यास वारसांना 2 लाख रुपये. अर्ज प्रांत किंवा तहसील कार्यालयात.

आता थोडं गणित. दाखल्यावर अपंगत्व 40 टक्के लिहिलं, म्हणजे कमाईही 40 टक्केच बुडाली का? नाही. सर्वोच्च न्यायालयाने 2010 मध्ये राजकुमार विरुद्ध अजयकुमार खटल्यात सांगितलं, की त्या माणसाचं काम काय होतं ते बघा. हात गेलेला कारकून नोकरी टिकवू शकेल. ड्रायव्हरचा किंवा सुताराचा तर धंदाच बसतो. केळीचे घड वाहणाऱ्या मजुराचा पाय गेला, तर त्याचं काय उरलं? म्हणून कामाचा आणि मजुरीचा पुरावा जपा.

गाडीमालक रोख पैसे पुढे करतो, घर अडचणीत असतं, माणूस "पुढे तक्रार नाही" अशा कागदावर सही करून मोकळा होतो. उपचार संपायच्या आत अशी सही करू नका. लोकअदालतीतली तडजोड चांगली, पण तिच्यावर अपील नसतं. वकिलाला पैसे नसतील तर जिल्हा न्यायालयातल्या विधी सेवा प्राधिकरणात जा. स्त्रिया, मुलं, दिव्यांग, अनुसूचित जाती-जमातीचे लोक यांना तिथे मोफत वकील मिळतो.

पुढच्या पालकसभेत एवढे पाच मुद्दे फळ्यावर लिहा. आपल्या वर्गातल्या किती मुलांचे आईवडील रोज मालगाडीने शेतात जातात, हे आपल्याला माहीतच आहे.