बासचा वरचा सप्तक

आपल्या बुलढाणा जिल्ह्यातील भीमगीत-संचांत बास गिटारचा नाद ढोलकीखाली पुष्कळदा बुडतो. त्यास वरच्या सप्तकाची जोड देणारी पेटी घरी बांधता येते. १९६७ साली जिमी हेंड्रिक्सने रॉजर मेयर यांची ‘ऑक्टेव्हिया’ पेटी गिटारला जोडली, तिचेच हे तत्त्व आहे.

छोटा ऑडिओ ट्रान्सफॉर्मर व दोन डायोड तरंगाचा खालचा अर्धा भाग उलटून वर आणतात. एका आवर्तनाची दोन होतात. चार्जरमध्ये ५० हर्ट्झचे १०० होतात, ते असेच. बासची सर्वांत जाड तार सुमारे ४१ हर्ट्झने कंप पावते. पेटीतून ८२ निघतात.

डायोड जर्मेनियमचेच घ्यावेत. सिलिकॉनला सुमारे ०.६ व्होल्ट लागतात, त्यामुळे मावळता स्वर मध्येच तुटतो, जर्मेनियमला ०.३ पुरतात. (जुना रेडिओ भंगारात घालण्यापूर्वी उघडून पाहावा.)

खरी अडचण बासचीच. जाड तारेचे उपस्वर मूळ स्वराहून प्रबळ असले, की नुसती खरखर उरते. म्हणून डायोडपूर्वी रेझिस्टर-कपॅसिटरची चाळणी लावून तीक्ष्ण स्वर गाळावेत आणि बाराव्या पडद्यापुढे वाजवावे. दोन तारा एकदम छेडल्यास त्यांच्या बेरीज-वजाबाकीचे परके स्वर उठतात. तेव्हा एका वेळी एकच तार.