मत्स्यालयातील तळाचे सोबती

घरगुती मत्स्यालयाकडे समोरून पाहिले असता पाण्याचे तीन थर सहज ध्यानात येतात. गप्पीसारखे मासे पृष्ठभागाजवळ वावरतात, टेट्रा व बार्ब मधल्या पाण्यात फिरतात आणि तळाची वाळू बहुधा मोकळी राहते. ही रिकामी जागा भरून काढावी, या हेतूने हौशी मनुष्य दुकानात जातो. तेथे त्याला एखादा मिशाळ मासा दाखविला जातो आणि सांगण्यात येते, "हा घेऊन जा, टाकी साफ ठेवील आणि याला वेगळे खाणेही नको." या एका वाक्यापायी कितीतरी मासे उपाशी मरतात.

तळाचा मासा दुसऱ्यांच्या उष्ट्यावर जगतो, ही समजूत चुकीची आहे. विष्ठेवर त्याचे पोषण होत नाही. उलट त्याच्या स्वतःच्या विष्ठेची टाकीत भर पडते आणि तीतून सुटणारा अमोनिया सर्वच माशांना अपायकारक असतो. वर टाकलेले खाद्य चपळ मासे मध्येच टिपतात. तळाशी पोचते ते फार थोडे. म्हणून निवड करताना पहिला प्रश्न असा विचारावा की, या माशाला आपल्या टाकीत काय मिळणार आहे?

दक्षिण अमेरिकेतील कोरिडोरस या लहान मार्जारमीनांचे उदाहरण घेऊ. २०२४ साली शास्त्रज्ञांनी या गणाची अनेक गणांत विभागणी केली. परंतु बाजारात व हौशी लोकांत जुनेच नाव चालते. यांना खवल्यांऐवजी हाडांच्या तकटांच्या दोन दोन रांगा असतात. मिशांनी चाचपत ते वाळूत तोंड खुपसतात, वाळू तोंडात घेतात, अन्नकण ठेवून घेतात आणि उरलेली वाळू कल्ल्यांवाटे बाहेर सोडतात. धारदार खडी अंथरलेल्या टाकीत हे काम त्यांना करता येत नाही आणि घाणेरड्या तळावर त्यांच्या मिशा झिजून गळतात. तेव्हा मासा आणण्यापूर्वी बारीक, गुळगुळीत वाळू आणावी. हे मासे कळपाने राहणारे असल्यामुळे एकाच जातीचे निदान सहा तरी हवेत. एकटा कोरिडोरस कोपऱ्यात दबून बसतो. टाकीच्या उंचीपेक्षा तळाचे क्षेत्रफळ पाहावे. ६० सें.मी. लांब व ३० सें.मी. रुंद तळ लहान जातीच्या अशा कळपाला पुरतो.

मधूनमधून हे मासे झपाट्याने वर येऊन हवेचा घोट गिळतात. नवशिक्या माणसास ते आजारी वाटतात; पण गिळलेल्या हवेतील ऑक्सिजन त्यांच्या आतड्यात शोषला जातो आणि ही त्यांची जन्मजात सोय आहे. मात्र सगळेच मासे वारंवार वर येऊ लागले, तर पाण्यातील ऑक्सिजन कमी पडत आहे असे समजावे.

आपल्या देशात यापुढचा विचार तापमानाचा. २० अंश सेल्सियसला लिटरभर गोड्या पाण्यात सुमारे ९ मिलिग्रॅम ऑक्सिजन विरघळू शकतो. ३० अंशांना तो साडेसातच्या आसपास येतो. बीगल जहाजाच्या सफरीत डार्विनने गोळा केलेला व जेनिन्स यांनी १८४२ साली वर्णिलेला ठिपकेदार कोरिडोरस पॅलिएटस हा थंड पाण्याचा मासा आहे. मैदानी प्रदेशातील उन्हाळा त्याला मानवत नाही. याउलट कोरिडोरस स्टर्बाय २४ ते २८ अंशांत सुखाने राहतो आणि ऊबदार पाणी लागणाऱ्या डिस्कसचा तो चांगला शेजारी ठरतो. म्हणजे दिसावयास भाऊभाऊ असलेल्या दोन जातींचे सोबतीही निराळे.

सोबत्याच्या तोंडाचा आकारही पाहावा लागतो. कोरिडोरसच्या परांतील काटे धोक्याच्या वेळी ताठ होऊन अडकून बसतात. ऑस्करसारख्या मोठ्या माशाने त्याला गिळू पाहिले, तर तो घशात रुततो आणि खाणारा व खाल्ला जाणारा दोघेही मरतात. नदीतून आणलेल्या शिंगाळ्याविषयी उलट सांगावे लागेल. तो तळाशी राहतो खरा, पण रात्री टेट्रांची संख्या रोज घटू लागते.

भारतीय माशांची हौस असणाऱ्यांना लोच जातीचे मासे ठाऊक असतात. पश्चिम घाटातील पट्ट्यापट्ट्यांचा बोटिया स्ट्रायटा हा त्यांपैकी अत्यंत देखणा. तोही कळपप्रिय आहे, गोगलगायी आवडीने खातो आणि त्याला लपावयास दगडांच्या कपारी लागतात. महाराष्ट्र व कर्नाटक यांतील नद्यांपलीकडे तो आढळत नाही आणि आंतरराष्ट्रीय यादीत त्याची गणना संकटग्रस्त जातींत झालेली आहे. ओढ्यातून धरून आणलेला बोटिया विकत घेऊ नये, असे माझे मत आहे.

सर्वांत अधिक फसवणूक होते ती 'प्लेको' नावाने विकल्या जाणाऱ्या चूषकमुखी माशात. दुकानात तो बोटाएवढा असतो. पुढे तो ४० सें.मी.हूनही लांब होतो. भुकेला प्लेको रात्री गोल्डफिश किंवा डिस्कस यांच्या अंगाला चिकटून त्वचेवरील बुळबुळीत थर खरवडतो. मग कंटाळलेला मालक त्याला तलावात सोडून देतो. केरळ, पश्चिम बंगाल आदी राज्यांच्या पाण्यात हे परदेशी मासे पसरले, ते बव्हंशी असेच. शेवाळ खाणाराच मासा हवा असेल तर झुडपासारख्या नाकाचा अँसिस्ट्रस घ्यावा. तो १२ ते १५ सें.मी.पर्यंतच वाढतो; त्याला कुरतडावयास लाकडाचा ओंडका व अधूनमधून काकडीची फोड द्यावी.

नवा मासा दोनतीन आठवडे वेगळ्या टाकीत ठेवून मगच जुन्यांत सोडावा. पुढे रोज रात्री दिवा मालवल्यावर, वरचे मासे निवांत झाले म्हणजे, तळाला जाणाऱ्या खाद्याच्या गोळ्या टाकाव्यात आणि सकाळी उरलेले काढून घ्यावे. आठवड्यातून एकदा काचेजवळ बसून तळाच्या माशांची पोटे पाहावीत. पोट आत गेलेले दिसले, तर खाद्य त्यांच्यापर्यंत पोचत नाही.