सौम्य आणि सुगंधी पाइप-तंबाखू : समज आणि वस्तुस्थिती

आमच्या रुग्णालयाच्या मुखतपासणी विभागात मध्यंतरी एक सेवानिवृत्त गृहस्थ आपल्या कन्येसह आले होते. वरची अर्धी कवळी टोचते, एवढीच त्यांची तक्रार होती. तपासणीपूर्वी सर्वांना विचारला जाणारा तंबाखूविषयीचा प्रश्न त्यांनाही विचारला, तेव्हा त्यांनी काहीशा समाधानाने सांगितले, की सिगारेट सोडून बारा वर्षे झाली. आता दिवसातून तीन-चार वेळा केवळ पाइप, तोही अगदी सौम्य, व्हॅनिलाचा सुवास असलेल्या तंबाखूचा, आणि धूर ते छातीत ओढीत नाहीत. "बाबांच्या खोलीत केक भाजल्यासारखा वास येतो," असे कन्येनेही सांगितले. आम्ही त्यांना "तंबाखू ती तंबाखूच" असे ठरीव उत्तर दिले. त्याने त्यांचे समाधान झाले नाही, आणि पुढे विचार करता आमचेही झाले नाही. अधिक वाईटाकडून कमी वाईटाकडे जाण्याचा ज्याने स्वतःहून प्रयत्न केला, तो माणूस याहून सविस्तर उत्तरास पात्र असतो. ते उत्तर देण्याचा प्रयत्न आम्ही प्रस्तुत लेखात करीत आहोत. सदर गृहस्थांच्या संमतीने, परंतु नामोल्लेख टाळून, त्यांचा वृत्तान्त येथे दिला आहे.

पाइपमध्ये भरली जाणारी सुगंधी तंबाखू बहुधा दोन जातींच्या पानांपासून तयार होते. व्हर्जिनिया जातीचे पान गरम हवेच्या भट्टीत वाळवतात; त्यात नैसर्गिक शर्करा भरपूर राहते. बर्ली जातीचे पान हवेवर, अनेक आठवडे टांगून सुकवतात; त्यातील शर्करा जवळजवळ संपते, मात्र ते टीपकागदासारखे बाहेरून घातलेले द्रव शोषून घेते. ही पाने साखर, काकवी, ज्येष्ठमध, कोको अशा पाकात मुरवतात. 'कॅव्हेंडिश' नावाच्या प्रकारात ती वाफवून, दाबून ठेवली जातात, त्यामुळे रंग गडद होतो व चव गोडसर होते. शेवटी व्हॅनिला, चेरी, रम इत्यादींचा अर्क वरून दिला जातो. माल डब्यात सुकू नये म्हणून प्रॉपिलीन ग्लायकॉल वा ग्लिसरीन यांसारखी ओलावा धरून ठेवणारी द्रव्येही घालतात.

या सुगंधाविषयी एक गोष्ट पाइप ओढणारे स्वतःच मान्य करतात. त्याचा मोठा वाटा शेजारी बसलेल्यांच्या वाट्याला येतो. ओढणाऱ्याच्या जिभेला मात्र बहुधा उष्ण वाफ आणि चरचर लाभते. तंबाखू ओलसर असल्याने ती वारंवार विझते, पुन्हा पेटवावी लागते, झुरके घाईने घेतले जातात आणि जीभ पोळते. सुवास घरच्यांना आवडतो, त्यामुळे सिगारेटला होणारा घरातील विरोध पाइपला होत नाही. आमच्या मते या तंबाखूचे हेच खरे सामर्थ्य आहे. ज्यांनी हरकत घ्यावयाची तेच त्या वासाचे कौतुक करू लागतात, आणि सुगंधामागून येणारा धूर त्याच खोलीत त्यांच्याही श्वासात जात राहतो.

आता 'सौम्य' या शब्दाकडे वळू. तो सर्वस्वी खोटा नाही. अशा अनेक मिश्रणांत निकोटीनचे प्रमाण इतर कडक पाइप-तंबाखूंच्या मानाने कमी असते व घशाला ठसका लागत नाही. परंतु सौम्यता येथेच संपते. सिगारेटचा धूर किंचित आम्लधर्मी असतो. त्यातील निकोटीन तोंडाच्या अस्तरातून फारसे शोषले जात नाही, म्हणून सिगारेट ओढणारा तो धूर फुप्फुसांत घेतो. पाइपचा धूर सामान्यतः त्याहून अधिक अल्कधर्मी असतो. अल्कधर्मी धुरातील निकोटीन गालाच्या व जिभेच्या आतील ओलसर त्वचेतून थेट रक्तात उतरू शकते. "मी धूर आत घेत नाही" हे म्हणणे म्हणूनच प्रामाणिक असूनही अपुरे ठरते. निकोटीन मिळविण्यासाठी त्यांना तो आत घेण्याची गरजच नसते. चुना लावून मळलेली तंबाखू गालात धरणाऱ्यास जे घडते, त्याचे तत्त्व हेच आहे. चुन्याचे काम अल्कता वाढविण्याचे, आणि ते आपल्याकडे खेडोपाडी पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे.

शिवाय निकोटीन हे व्यसन लावणारे द्रव्य आहे. कर्करोगाचा धोका प्रामुख्याने अन्य घटकांकडून येतो. पान जळताना कार्बन मोनॉक्साइड, बेंझोपायरीनसारखी डांबरी द्रव्ये व सूक्ष्म कण निर्माण होतात. तंबाखूतील विशिष्ट नायट्रोसमाइन्स तर पान मुरत असतानाच त्यात तयार झालेली असतात. वरून घातलेली साखर जळाली की तिच्यातून फॉर्माल्डिहाइड व अ‍ॅसिटाल्डिहाइड निघतात. सिगारेटमध्ये एक ग्रॅमहूनही कमी तंबाखू असते, पाइपच्या वाटीत मात्र साधारण दोन ते तीन ग्रॅम मावते. व्हॅनिलाच्या अर्काने यांपैकी काहीही कमी होत नाही.

पाइपचा पहिला आघात होतो तो ओठ व टाळू यांवर. जर्मन शरीरशास्त्रज्ञ सॅम्युएल थॉमस फॉन झोमरिंग यांनी १७९५ मध्येच खालच्या ओठाचा कर्करोग आणि पाइप ओढणे यांचा संबंध नोंदवला होता. अमेरिकेच्या सर्जन जनरल यांच्या १९६४ च्या प्रसिद्ध अहवालाने तो कार्यकारणसंबंध सिद्ध झाल्याचे म्हटले. मात्र त्याच अहवालात पाइप ओढणाऱ्यांचा एकूण मृत्युदर तंबाखू न ओढणाऱ्यांहून फारसा वेगळा नसल्याचेही नमूद होते. लोकांनी ओठाचे वाक्य सोडले आणि हे दुसरे लक्षात ठेवले. त्या वर्षी अमेरिकेत पाइप-तंबाखू व सिगार यांचा खप वाढला.

पुढील संशोधनाने ते चित्र बदलले. अमेरिकेतील सुमारे १ लाख ३८ हजार पुरुषांची अठरा वर्षांची माहिती २००४ मध्ये प्रसिद्ध झाली. त्यांपैकी १५ हजारांवर पुरुष केवळ पाइप ओढणारे वा पूर्वी ओढलेले होते. पाइप ओढणाऱ्यांत फुप्फुसाच्या कर्करोगाने मृत्यू येण्याचा धोका तंबाखूपासून दूर राहिलेल्यांच्या सुमारे पाचपट, तर तोंड व घशाच्या कर्करोगाचा जवळजवळ चौपट आढळला. स्वरयंत्र, अन्ननलिका व स्वादुपिंड यांचे कर्करोग, हृदयविकार आणि पक्षाघात यांचेही प्रमाण वाढलेले होते. बहुतेक आजारांत हा धोका सिगारेटच्या धोक्याहून कमी होता, हे सांगणे आम्ही आमचे कर्तव्य समजतो. रुग्णास भीती घालण्यासाठी अर्धी माहिती द्यावी, असे आम्हांस वाटत नाही.

सिगारेट सोडून पाइपकडे वळलेल्यांचा प्रश्न थोडा निराळा आहे, आणि आमच्या गृहस्थांचा प्रश्न तोच होता. ब्रिटनमध्ये २१ हजारांहून अधिक पुरुषांवर झालेल्या अभ्यासाचे निष्कर्ष १९९७ मध्ये प्रसिद्ध झाले. सिगारेट चालू ठेवणाऱ्यांपेक्षा पाइप वा सिगारकडे वळलेल्यांचा धोका कमी झाला होता. तथापि ज्यांनी आयुष्यात केवळ पाइपच ओढला, त्यांच्याइतका तो खाली आला नव्हता. सिगारेटने लावलेली धूर आत ओढण्याची सवय पाइपबरोबरही राहते, हे त्याचे एक कारण मानले जाते. जे पूर्णपणे थांबतात त्यांना मिळणारा लाभ यांना मिळत नाही.

महाराष्ट्रात पाइप ओढणारे असे कितीसे, असे कोणी विचारील. शंका रास्त आहे. २०१६-१७ च्या राष्ट्रीय सर्वेक्षणानुसार राज्यातील प्रौढांपैकी २६.६ टक्के तंबाखूचे सेवन करीत होते आणि त्यांत धूम्रपान करणारे अवघे ३.८ टक्के होते. पाइपवाले तर त्यातही मूठभर. तरीही 'सौम्य' आणि 'सुगंधी' ही दोन विशेषणे आपल्याकडे फार जुनी आहेत. मोगल दरबारातील असद बेग याने सतराव्या शतकाच्या प्रारंभी दख्खनमधील विजापुराहून तंबाखू व रत्नजडित नळी नेऊन अकबर बादशहास नजर केली. बादशहाने थोडे झुरके घेतले. राजवैद्याने या अपरिचित वस्तूस हरकत घेतली. बादशहाने सवय लावून घेतली नाही, सरदारांनी मात्र घेतली. पुढे हुक्क्यासाठी तंबाखू गुळात व सुगंधी मसाल्यांत मुरवण्याची रीत रूढ झाली, आणि अलीकडच्या हुक्का पार्लरांतून फळांच्या वासाने तीच तरुणांपर्यंत आली. राज्य शासनाने २०१८ मध्ये या पार्लरांवर बंदी घातली. सुगंधी जर्दा काय, भाजून केलेली मिश्री काय, "ही काही कडक नव्हे" हे वाक्य आमच्या विभागात जवळजवळ रोज ऐकू येते.

जगातील कायदेही पाइपबाबत सैल राहिले आहेत. अमेरिकेने २००९ मध्ये आणि युरोपीय संघाने २०१४ च्या निर्देशानुसार सिगारेटमधील फळे-मिठाईच्या वासांना मनाई केली. पाइप-तंबाखूला मात्र त्यातून वगळले. ती वृद्धांची व थोड्यांची सवय आहे, असा त्यामागील विचार असावा. आमच्याकडे येणारे रुग्ण वृद्धच असतात, म्हणून हा विचार आम्हांस पटत नाही.

आता पुन्हा आमच्या गृहस्थांकडे. त्यांची कवळी काढली तेव्हा टाळूवर एक स्वच्छ सीमारेषा दिसली. कवळीने झाकलेला पुढचा भाग गुलाबी होता. मागचा उघडा भाग करडा-पांढरा झालेला व त्यावर बारीक लाल ठिपके. धुराच्या उष्णतेने टाळूची त्वचा जाड होते आणि लाळग्रंथींची तोंडे सुजून असे ठिपके उमटतात. पाइप ओढणाऱ्यांत हे लक्षण विशेष आढळते. एरवी ते सहसा कर्करोगाकडे जात नाही. आंध्रच्या किनारपट्टीवर जळते टोक तोंडात धरून चुट्टा ओढण्याची प्रथा आहे, तेथील टाळूचे व्रण मात्र घातक ठरतात. आम्ही कन्येच्या हाती आरसा दिला आणि ती रेषा दोघांनाही दाखवली. "तंबाखू ती तंबाखूच" या वाक्याने जे झाले नव्हते, ते त्या रेषेने झाले. त्यांनी त्याच दिवशी पाइप बंद करण्याचे कबूल केले.

पहिले दोन आठवडे त्यांना चिडचिड व निद्रानाश यांचा त्रास झाला. आमच्या समुपदेशकांनी निकोटीनचे च्युइंगगम, डोस ठरवून, वापरावयास दिले. चौथ्या आठवड्यात टाळूचा रंग बराचसा पूर्ववत झाला. खालच्या ओठावर, पाइपची दांडी टेकत असे त्या ठिकाणी, पैशाएवढा एक पांढरा चट्टा मात्र तसाच राहिला. त्याचा तुकडा तपासला असता पेशींत कर्करोगपूर्व बदल आढळले. चट्टा स्थानिक भूल देऊन काढण्यात आला.

रुग्णांच्या नातेवाइकांना आमची विनंती आहे, की तोंडात दोन आठवड्यांत न भरणारी जखम, न जाणारा पांढरा वा लाल चट्टा, तीन आठवड्यांहून अधिक टिकलेला आवाजाचा घोगरेपणा, गिळताना त्रास किंवा मानेतील गाठ यांपैकी काहीही आढळल्यास ते दुखण्याची वाट पाहू नये. प्रारंभी यांतील बहुतेक गोष्टी दुखत नाहीत. तंबाखू सोडू इच्छिणाऱ्यांसाठी शासनाची १८००-११-२३५६ ही निःशुल्क राष्ट्रीय दूरध्वनी सेवा उपलब्ध आहे.

सदर गृहस्थ आता दर तीन महिन्यांनी तपासणीस येतात. ओठाची जखम भरली आहे. मागील भेटीत त्यांनी कवळी अजूनही टोचत असल्याची तक्रार केली, तेव्हा ज्या कामासाठी ते प्रथम आले होते ते आमच्याकडून राहूनच गेल्याचे ध्यानात आले. कवळी त्याच दिवशी घासून नीट बसवून देण्यात आली.