उशाच्या वरचे कपाट

चि. सौरभ यास आत्याचे अनेक आशीर्वाद.

मूर्ती मांडण्याच्या शास्त्रात पहिला विचार ती पडलीच तर कोठे आणि कोणावर पडेल हा असतो, आणि ती कशी दिसेल, प्रकाश कोणत्या बाजूने घ्यावा, शेजारी काय ठेवावे हे सारे त्याच्या मागून येते; वस्तुसंग्रहालयांत हा क्रम सहसा कोणी चुकवत नाही, घरात मात्र तो हटकून उलटा होतो, कारण घरात मूर्ती हौसेने येते आणि हौसेला नेहमी उंच जागा हवी असते. योकोहामाच्या 6 तातामींच्या खोलीतही (तातामी म्हणजे गवती चटई, जपानात खोलीचे माप तिच्यावरून सांगतात, आणि 6 तातामी म्हणजे सुमारे 10 चौरस मीटर) तसेच झाल्याचे गेल्या आठवड्यात मंजूच्या फोनवरून कळले. मध्यरात्रीच्या धक्क्यात कपाटाच्या डोक्यावरची 6 किलोंची मूर्ती उशीवर आली, चि. सौरभचे कपाळ फुटले, आणि घरी मात्र दाराची कड लागल्याचे सांगण्यात आले, ही बातमी खोटी असेल तर त्याने ती स्वतः फोन करून खोडून काढावी. खरी असेल तर कपाट भिंतीला न बांधता त्याच्याखाली अंथरूण घालणे हे तीस वर्षांच्या, पुलांच्या भाराची गणिते करून पोट भरणाऱ्या अभियंत्याला शोभत नाही, हे त्याने मुकाट्याने ऐकून घ्यावे.

या घराण्याला तर हे शिकवण्याची गरजच नसावी. 11 डिसेंबर 1967 च्या पहाटे कोयनेचा भूकंप झाला तेव्हा कराडच्या घरातले फडताळ आणि त्यावरचे पितळी डबे जेथे कोसळले, तेथे रोज कोणाचे अंथरूण असे आणि त्या एका रात्री ते का नव्हते, ही हकिकत घरातल्या प्रत्येक मुलाने जेवताना दहादा ऐकलेली आहे. त्यानंतर आजीने उशाशी खुंटीवर पंचासुद्धा टांगू दिला नाही. कोयनेच्या घरातला नातू भूकंपाच्या देशात जाऊन उशाशी दगडी चूर्णाची मूर्ती ठेवतो, हे आजीच्या कानांवर गेले नाही एवढेच बरे.

तोक्योच्या अग्निशमन विभागाच्या माहितीप्रमाणे अलीकडच्या भूकंपांत जखमी झालेल्यांपैकी सुमारे 30 ते 50 टक्के लोकांना इजा झाली ती घर पडून नव्हे, तर कपाटे उलथल्याने, सरकल्याने किंवा वरच्या वस्तू अंगावर आल्याने. याचे कारण साधे आहे: उंच आणि अरुंद कपाटाचा गुरुत्वमध्य, म्हणजे ज्या बिंदूशी त्याचे सगळे वजन एकवटले आहे असे मानता येते तो बिंदू, वर जड वस्तू ठेवल्याने आणखी वर जातो, आणि जमीन आडवी हलू लागली की थोड्याशा झोक्यानेही तो पायाच्या बाहेर पडतो. म्हणून जड मूर्ती सर्वांत खालच्या फळीवर, हलक्या वर, आणि कपाटाच्या डोक्यावर काहीही नाही, अशी मांडणी करावी. कपाट लोखंडी कोनपट्टीने भिंतीतल्या आधाराला जखडणे सर्वांत चांगले; भाड्याच्या घरात मालक भोक पाडू देत नसेल तर छत आणि कपाट यांच्यामध्ये ताणून बसवायचे दांडे तेथे दुकानोदुकानी मिळतात, ते मागच्या बाजूला, भिंतीलगत लावावेत आणि पुढच्या पायांखाली पाचर सरकवून कपाटाचा कल किंचित भिंतीकडे ठेवावा. मूर्तीच्या बैठकीखाली भूकंपरोधक जेलचे चौकोनी तुकडे किंवा संवर्धक वापरतात ते सूक्ष्मस्फटिकी मेण वाटाण्याएवढे लावावे (संवर्धक म्हणजे जुन्या वस्तूंची झीज थांबवून त्यांची डागडुजी करणारा तंत्रज्ञ, आत्याचे आयुष्य त्यातच गेले). काचेच्या फळ्या असतील तर त्या टफन्ड काचेच्या आहेत ना हे पाहावे, कारण साधी काच फुटली की तिची पाती होतात आणि टफन्ड काचेचे बोथट दाणे होतात. हे सर्व केल्यावरही अंथरूण मात्र त्या भिंतीकडे नसावे. कपाट बांधले म्हणून उशी तेथेच ठेवली, असे होऊ नये.

मूर्ती कशाची आहे हे जाणल्याशिवाय तिची काळजी घेता येत नाही. चि. सौरभच्या संग्रहातल्या बहुतेक मूर्ती पीव्हीसीच्या आहेत आणि त्या ठरावीक प्रमाणात घडवलेल्या असतात; 1/7 प्रमाण म्हणजे 160 सेंटिमीटर उंचीची व्यक्ती सुमारे 23 सेंटिमीटरांत उतरते. पीव्हीसी मुळात कडक असते, तिला लवचिक करण्यासाठी मृदुकारक नावाची रसायने मिसळतात, आणि हीच रसायने वर्षानुवर्षे हळूहळू पृष्ठभागावर झिरपतात. मूर्ती चिकट लागते, तिच्यावर धूळ बसून राहते, आणि बंद खोक्यात कोंडली तर हे अधिक होते. अशी मूर्ती कोमट पाण्यात सौम्य साबणाने धुवावी आणि सावलीत वाळवावी. उन्हाळ्यात बारीक घोट्यांवर भार येऊन ती पुढे कलते, तेव्हा तो पाय हाताला जेमतेम सोसवेल अशा गरम पाण्यात थोडा वेळ धरून, सरळ करून, लगेच थंड पाण्यात बुडवावा. खिडकीची काच अतिनील किरणांचा काही भाग अडवते, सगळा नाही, म्हणून थेट ऊन टाळावे. पीव्हीसीबद्दल याहून अधिक सांगण्यासारखे नाही. ती पडली तरी बहुधा वाकते, फुटत नाही.

उशीवर पडलेली मूर्ती वेगळ्या जातीची आहे. व्यापारात जिला पॉलीस्टोन म्हणतात ते रेझिन, म्हणजे द्रवरूपात साच्यात ओतून घट्ट होणारे कृत्रिम राळेसारखे द्रव्य, आणि दगडाचे चूर्ण यांचे मिश्रण असते. ते हाताला गार लागते, बारकावे सुरेख धरते, वजनाला भारी असते आणि चिनी मातीच्या कपासारखे फुटते. दोन्ही घोटे, तलवार आणि उजव्या हाताचे एक बोट तुटल्याचे मंजूने सांगितले, आणि पुढे असेही म्हटले की चि. सौरभ त्याच रात्री फेव्हिक्विकसारखी काही नळी घेऊन बसला होता. ते ऐकून आत्याला जितकी धास्ती वाटली तितकी कपाळाच्या बातमीनेही वाटली नव्हती, असे लिहायला हात वळवळतो. पण ते खरे नाही. कपाट बांधले का?

तो झटपट चिकटणारा पदार्थ, सायनोॲक्रिलेट, हवेतल्या ओलाव्याने क्षणात घट्ट होतो, त्यामुळे तुकडा केसभर चुकीचा बसला तरी सुधारायला अवधी मिळत नाही; त्याची वाफ आसपासच्या गडद रंगावर पांढुरकी साय धरते; आणि सरळ ओढ सोसणारा हा सांधा आडव्या धक्क्याला मात्र पटकन तुटतो. तो सोडवायला ॲसिटोन लागते, आणि ॲसिटोन मूर्तीचा रंगही घेऊन जाते, बैठक एबीएस या कडक प्लास्टिकची असेल तर तीही विरघळवते. संवर्धकाचा पहिला नियम असा की आज केलेली दुरुस्ती उद्या कोणाला तरी उलगडता आली पाहिजे. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात तुल्यो लोम्बार्दोने घडवलेला, माणसाहून थोडा उंच संगमरवरी ॲडम 6 ऑक्टोबर 2002 च्या संध्याकाळी कोसळला तो कोणाच्या धक्क्याने नव्हे, तर खालची प्लायवुडची बैठक दबल्याने. त्याचे 28 मोठे तुकडे आणि शेकडो बारीक कण झाले, आणि तो पुन्हा उभा राहिला नोव्हेंबर 2014 मध्ये. त्या 12 वर्षांतला बराच काळ चिकटवण्यात नव्हे, तर कोणता चिकटपदार्थ किती भार सोसेल आणि पुढे काढता येईल याच्या चाचण्यांत गेला. भार येणाऱ्या मोजक्या जागीच काचतंतूंच्या खुंट्या घातल्या गेल्या. चि. सौरभला 12 वर्षे थांबायला कोणी सांगत नाही, पण एक महिना थांबावे.

तोवर एकच काम करावे: कण गोळा करावेत. लंडनच्या ब्रिटिश संग्रहालयातला पोर्टलंड कलश हा रोमन काचेचा कलश 1845 साली एका माणसाने फोडला, तो त्याच वर्षी जोडला गेला, परंतु 37 बारीक तुकडे कोठे बसवावेत हे न कळल्याने ते बाजूला राहिले. कोणी ते फेकले नाहीत म्हणून शंभर वर्षांनंतर पुन्हा हाती आले आणि पुढच्या दुरुस्त्यांत त्यांतले बरेचसे आपापल्या जागी गेले. खोलीत झाडू किंवा व्हॅक्यूम फिरवू नये. मोबाइलचा दिवा जमिनीलगत आडवा धरला की वाळूएवढ्या कणाचीही सावली पडते.

कणांबद्दल इतके लिहिण्यामागे एक कारण आहे आणि ते आजवर घरात कोणाला सांगितलेले नाही. दिवाणखान्यातल्या शोकेसमध्ये आजोबांनी बंगालमधल्या कृष्णनगरहून, तेथल्या घुर्णी या कुंभारांच्या वस्तीतून आणलेला मातीचा भिस्ती होता. पखालीवरच्या सुरकुत्या, हाताच्या शिरा, एका पायाचा अंगठा किंचित वर उचललेला. 1971 च्या दिवाळीआधी साफसफाई करताना तो आत्याच्या हातून पडला. मोठे तुकडे तिने डिंकाने कसेबसे सांधले, उरलेला चुरा केरसुणीने सुपलीत भरून परसात टाकला, आणि संध्याकाळी आजोबांनी विचारले तेव्हा ती गप्प राहिली. मार बसला तो अकरा वर्षांच्या धाकट्या भावाला, म्हणजे चि. सौरभच्या वडिलांना, आणि त्यांनी तो मुकाट सोसला. पुढे चाळीस वर्षे प्रयोगशाळेत इतरांच्या मूर्ती जोडताना, सुटी मिळाली की तो भिस्ती आत्या पुन्हा टेबलावर घेई. जुना डिंक कोमट पाण्याने सुटला, सांधे सरळ झाले, पण अंगठा नाही, कारण तो परसातल्या मातीत मिळून गेला होता. तो नव्याने घडवता आला असता. घडवला नाही.

म्हणून दाराची कड लागली, हे वाक्य आत्याला नीट ओळखू येते.

आता दुरुस्तीबद्दल, रागाचा भर ओसरल्यावर. तुकड्यांच्या कडा एकमेकींवर वारंवार घासून पाहू नयेत, त्याने त्या झिजतात. प्रथम कोरडी जुळणी करावी, म्हणजे काहीही न लावता सर्व तुकडे क्रमाने बसवून पाहावेत, कारण क्रम चुकला तर शेवटचा तुकडा जागेत शिरतच नाही. घोट्यांत दोन्ही बाजूंनी हातड्रिलने 1 मिलिमीटरचे भोक पाडून पितळी तार घालावी. भोके समोरासमोर यावीत म्हणून एका बाजूला रंगाचा ठिपका देऊन दुसरी बाजू त्यावर टेकवावी. भार तारेने पेलायचा, सावकाश सुकणारे इपॉक्सी, म्हणजे दोन नळ्यांतले पदार्थ मिसळून वापरायचा चिकटपदार्थ, फक्त तार आणि कडा धरण्यापुरते लावायचे. सुकेपर्यंत मूर्ती तांदूळ भरलेल्या कापडी पिशवीत रुतवून ठेवावी. बोट न सापडल्यास ते एमसीलसारख्या इपॉक्सी लांबीने घडवता येते, पाणी लावून वापरायच्या पॉलिश कागदाने घासता येते, ॲक्रिलिकने रंगवता येते. घासताना तोंडावर मास्क असावा.

किंवा यातले काहीही करू नये. प्रत्येक तुकडा टिश्यूत गुंडाळून, डब्यात घालून, गणपतीला येताना हातातल्या सामानात आणावा, तलवार मात्र चेक-इनच्या पेटीत. मागच्या खोलीतले टेबल, भिंग आणि दिवा अजून जागेवर आहेत, आणि आत्याचा हात सकाळच्या वेळी अद्याप कापत नाही. मागल्या वर्षी तिने या संग्रहाला बाहुल्या म्हटले होते, ते मागे घेतले आहे. 1964 साली ओसाकाजवळच्या मोरिगुचीत एका चिमुकल्या दुकानातून सुरू झालेल्या काइयोदोच्या मूर्तींची छायाचित्रे तिने त्यानंतर भिंगाखाली पाहिली, आणि एका केसाच्या बटेचे वळण पाहून तिला घुर्णीचा कुंभार आठवला. मूर्ती आवडणारा मुलगा या घरात पुन्हा जन्मला, याचा तिला आनंदच आहे.

वहिनीला अजून काही सांगितलेले नाही, आणि ते चि. सौरभनेच सांगावे. वडिलांना भिस्त्याची हकिकत कळवणारे पत्र याच टपालाने जात आहे. पहाटे साडेपाचला आत्या चहा घेते, तेव्हा योकोहामात नऊ वाजलेले असतात. त्या वेळी फोन करावा, कपाळाला टाके पडले का आणि किती ते सांगावे, आणि बोट सापडले नसेल तर गादीच्या शिवणीत एकदा पाहावे, बारीक तुकडे बहुधा तेथे जाऊन बसतात. अंथरूण आजच त्या कपाटापासून दूर सरकवावे.