डिकीतला लाल दिवा

खंबाटकी घाटात दुसऱ्यांदा आवाज गेला तेव्हा मागून भाचा म्हणाला, "मामा, तुझा बेस दमला." गाडी बाजूला घेऊन डिकी उघडली. ॲम्प्लिफायरवर हिरव्याच्या जागी लाल दिवा, आणि वर हात ठेवला तर चटका. थोडा निवला की आपोआप चालू, बेस वाढवला की पुन्हा बंद.

पुण्यात आल्यावर मी ॲम्पच बाद ठरवला आणि साडेआठ हजार मोजून नवा आणला. तिसऱ्या दिवशी त्यानेही लाल डोळा वटारला. मग कुठे साडेतीनशेचा मीटर घेतला.

माझ्या सबवूफरला दोन कॉइल, प्रत्येकी 4 ओहमची. दोन्हींचे प्लस एकत्र, मायनस एकत्र, असं मीच पॅरलल बांधलं होतं. म्हणजे झाले 2 ओहम. ॲम्प दोन चॅनेलचा, ब्रिज केलेला. ब्रिजमध्ये त्याला किमान 4 ओहम लागतात हे माहितीपत्रकात छापलेलं होतं, मी ते खोक्याबरोबर रद्दीत घातलं होतं. ॲम्पवरून वायरी सोडवून मीटर लावला तर आकडा 1.8. (मीटरवर छापील ओहमपेक्षा थोडं कमीच दिसतं, 4 च्या जागी साडेतीन आले तर कॉइल बिघडली समजू नका.) एका कॉइलचा मायनस दुसरीच्या प्लसला जोडला, उरलेली दोन टोकं ॲम्पला दिली. सिरीजमध्ये 8 ओहम. जोर जरा कमी झाला, पण ॲम्प गार राहू लागला. सबवूफर अजून घ्यायचाच असेल तर अशा ॲम्पसाठी 2-2 ओहमच्या कॉइलचा बघा, सिरीजमध्ये नेमके 4 मिळतात.

तरी मोठ्या आवाजात त्याला धाप लागायचीच. इंजिन चालू ठेवून 50 हर्ट्झचा सलग टोन लावला. बॅटरीवर 14.1 व्होल्ट, ॲम्पच्या टर्मिनलवर 11.6. मीटरची एक पिन ॲम्पच्या अर्थवर, दुसरी लांब वायरने बॅटरीच्या मायनसवर धरली, तर जवळजवळ दोन व्होल्ट तिथेच अडकलेले. अर्थचा स्क्रू मी कंपनीच्या रंगावरच कसला होता! बॅटरीचा मायनस काढून ठेवला, पॉलिश पेपरने रुपयाएवढा पत्रा चकचकीत होईस्तोवर घासला, रिंग टर्मिनल आवळून वरून ग्रीस लावलं. अर्थची वायर प्लसइतकीच जाड आणि दीड फुटाच्या आतली हवी. सीटबेल्टच्या बोल्टला मात्र हात लावू नका, आणि नवं भोक पाडायचंच तर आधी गाडीखाली वाकून पेट्रोलची टाकी कुठे आहे ते बघा.

याच उचकाउचकीत जे दिसलं त्याने आजही पोटात गोळा येतो. फ्यूज होता डिकीत, ॲम्पशेजारी. बॅटरीपासून तिथपर्यंत पंधरा-सोळा फूट वायर कार्पेटखालून फ्यूजशिवाय धावत होती. ती कुठे पत्र्याला घासून सोलली असती, तर डिकीतल्या फ्यूजला पत्ताही लागला नसता आणि गाडी पेटली असती. फ्यूज वायरीसाठी असतो. तो बॅटरीपासून दीड फुटाच्या आतच बसवायचा.

गेनचं बटण आवाज वाढवायला नसतं. बेस बूस्ट शून्यावर, लो-पास 80 हर्ट्झच्या आसपास, स्टिरिओ पाऊण आवाजावर, आणि गेन हळूहळू चढवत आवाज फाटायला लागला की थोडा मागे.

जुना ॲम्प फेकला नव्हता. तपासला तर ठणठणीत निघाला. तो आता भाच्याच्या गाडीत वाजतोय, आणि माझा मीटरही त्याच्याकडेच आहे.